घटस्फोटाची नक्कल काढायची तर आधी नंबर शोधा

सोलापूरच्या कोर्टाबाहेर मी 19 वर्षं टायपिंग करते. आधी मशीनवर, आता कॉम्प्युटरवर. नक्कल, म्हणजे कोर्टाच्या कागदाची सही-शिक्क्याची प्रत, मागणारा अर्ज टाईप करायला येणारा माणूस खुर्चीत टेकला की लग्नापासूनची कहाणी सुरू करतो. मी ऐकून घेते, ऐकल्याशिवाय वर्ष कळत नाही. पण आत खिडकीवर कहाणी चालत नाही. तिथं फक्त प्रकरणाचा नंबर विचारतात.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढते. ‘घटस्फोटाचा दाखला’ नावाची चीज नसते. महापालिकेत जन्म, मृत्यू, विवाह यांची नोंद होते, घटस्फोटाची होत नाही. त्यामुळे तिथं हेलपाटे घालू नका. कोर्टाने दिलेला हुकूमनामा, म्हणजे डिक्री, हाच पुरावा. आणि पंचांसमोर स्टॅम्पवर लिहून घेतलेली फारकत असेल, तर तिची नक्कल कोर्टात मिळायची नाही. रूढीने चालत आलेल्या फारकतीला हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 मध्ये जागा आहे, ते खरं. पण प्रकरण कोर्टात गेलंच नाही तर फाईल कुठून येणार? लोक नोटरीचा लाल शिक्का दाखवून माझ्याशी वाद घालतात.

आता फाईल कुठल्या कोर्टात आहे ते बघा. सोलापुरात कौटुंबिक न्यायालय आहे, अलीकडची शहरातली प्रकरणं तिथं. ते सुरू व्हायच्या आधीची प्रकरणं दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालली, ती तिकडच्या रेकॉर्डला. पंढरपूर, बार्शीकडच्या माणसाने आधी तिथल्या वरिष्ठ स्तर कोर्टात विचारावं, उगीच एसटीचं भाडं घालवू नये. आणखी एक. 2003 च्या दुरुस्तीपासून बायको स्वतः जिथं राहते तिथंही ती अर्ज दाखल करू शकते. म्हणजे लग्न सोलापुरात झालं, संसारही इथंच झाला, पण ती पुण्याला भावाकडे गेली आणि तिथून केस टाकली, तर कागद पुण्यात. ‘केस कोणी टाकली आणि तेव्हा ते माणूस कुठं राहत होतं?’ हे मी पहिल्यांदा विचारते.

नंबर जुन्या कागदावर सापडतो. समन्स, वकिलाची पावती, पोटगीच्या अर्जाची झेरॉक्स, काहीही चालतं. दिवाणी कोर्टातला नंबर हिंदू मॅरेज पिटिशन, म्हणजे ‘एचएमपी’ असा असतो. कौटुंबिक न्यायालयात अक्षर लागतं: भांडून घेतलेल्या घटस्फोटाला ‘ए’, संमतीच्या घटस्फोटाला ‘एफ’. अक्षर, आकडा आणि वर्ष, तिन्ही लिहा.

कागदच नसेल तर ई-कोर्ट्सची साईट किंवा मोबाईलवरचं ॲप. राज्य, जिल्हा, कोर्टाची इमारत निवडायची आणि पक्षकाराच्या नावाने शोधायचं. वर्ष टाकावं लागतं. आठवत नसेल तर मागे-पुढे एकेक वर्ष करत जा. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ यातलं ‘निकाली’ निवडायला विसरू नका. आपल्याकडे खरी गंमत नावांची आहे. मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही घरांतली आडनावं, आणि टाकायची इंग्रजीत. गड्डममध्ये ‘डी’ एक का दोन? बिराजदार लिहिलंय का बिरादार? म्हणून पूर्ण आडनाव टाकूच नका, पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि यादी खाली-खाली बघत जा. बायकोचं नाव माहेरच्या आडनावाने नसेल तर सासरच्या आडनावाने बघा. प्रकरण सापडलं की 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या प्रकरणाचा ई-कोर्ट्सवरचा स्वतंत्र ओळख क्रमांक, वहीत उतरवून घ्या.

इथल्या विडी घरकुल वस्तीतून एक बाई आल्या होत्या. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला घटस्फोटाचा कागद हवा होता. वकील वारलेले, ऑफिस बंद. आम्ही नाव टाकून टाकून थकलो, काही निघेना. शेवटी त्यांनी पिशवीतून मुलीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक काढलं, त्याच्या प्लास्टिकच्या कव्हरात घडी घालून एक समन्स होतं. घडीवर शाई पुसलेली. वर्षाचे शेवटचे दोन आकडे मी उजेडाला धरून वाचले. आडनाव बघितलं तर कोर्टाने मधलं एक अक्षरच गाळलेलं. त्या चुकीच्या आडनावाने शोधलं, दोन मिनिटांत यादीत आलं.

आता अर्ज. मी टाईप करते तो असा: वर कोर्टाचं नाव, याचिका क्रमांक आणि वर्ष, दोन्ही पक्षकारांची नावं, निकालाची तारीख. खाली ‘मी सदर प्रकरणातील अर्जदार असून मला निकालपत्र व हुकूमनामा यांच्या सही-शिक्क्याच्या प्रत्येकी दोन नकला हव्या आहेत.’ कारण एका ओळीत, सही, मोबाईल नंबर. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प. घाई असेल तर ‘तातडीची’ असं स्पष्ट लिहायचं, त्याचे पैसे जास्त पडतात. ओळखपत्राची झेरॉक्स जोडा.

निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत, इथं फार लोक फसतात. निकालपत्रात न्यायाधीशांनी कारणं लिहिलेली असतात, कोण काय बोललं, कोणी काय सिद्ध केलं. हुकूमनामा लहान असतो, ‘विवाह विच्छेदित करण्यात येत आहे’ एवढं सांगणारा. दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीला सहसा हुकूमनामा पुरतो. मग घरातल्या भांडणाची पंचवीस पानं नोंदणी क्लार्कच्या टेबलावर कशाला पसरायची? तरी दोन्ही काढून ठेवा, एक कपाटात राहू द्या.

हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं: हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे घटस्फोट मंजूर झाला की कोर्टाने दोन्ही पक्षकारांना हुकूमनाम्याची एक प्रत फुकट द्यायची असते. निकालाच्या दिवशी डोळ्यांत पाणी असतं, कोणी मागत नाही. मागा. पैसे लागतात ते पुढच्या प्रतींना.

अर्ज दिल्यावर फाईल रेकॉर्ड रूममधून यावी लागते. जुनं प्रकरण असेल तर वेळ जातो. खिडकीवर तोंड वाजवून फाईल लवकर येत नाही. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर अर्ज टाकू नका. आणि फार वर्षांनी गेलात तर सगळी फाईल मिळेल या भरवशावर राहू नका. निकालपत्र-हुकूमनामा जपून ठेवतात, बाकीचे कागद टप्प्याटप्प्याने नष्ट होतात.

नक्कल हातात आली की तिथंच उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं नाव, तारीख. चूक मूळ हुकूमनाम्यातच असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. शेवटच्या पानावर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा असतात. अपील करायचं असेल तर त्या सोन्यासारख्या, कारण नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. हिंदू विवाह कायद्यात ती मुदत 90 दिवसांची आहे. सोलापूरकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसतं.

दुसऱ्याच्या घटस्फोटाचे कागद हवेत, असंही लोक विचारतात. होणाऱ्या जावयाचा पहिला घटस्फोट खरा का, म्हणून मुलीचा बाप येतो. त्रयस्थाला नुसता नंबर देऊन नक्कल मिळत नाही, कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडून कोर्टाची परवानगी मागावी लागते, आणि ही प्रकरणं बंद दाराआड चालतात, त्यामुळे परवानगी सहज मिळेल असं समजू नका. मी त्या बापाला सांगते, जावयालाच नक्कल आणायला सांगा. ‘माहितीच्या अधिकारात टाकू का?’ तेही नको. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलंय की कोर्टाच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच घ्यायच्या. मिळालेला निकाल व्हॉट्सॲपच्या भावकी ग्रुपवर टाकायचा मोहही आवरा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे असं प्रकरण छापणं-प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, दंड हजार रुपयांपर्यंत.

आणि हो, नक्कल लॅमिनेट करू नका. गेल्या महिन्यात एकाने चकचकीत करून आणली, आता शिक्क्याचा उठाव हाताला लागत नाही म्हणून पुढच्या ऑफिसने परत पाठवलं. त्याचा दुसरा नक्कल अर्ज मीच टाईप केला.