योसेमिटीत नदीकाठी कॅम्पिंग करायचंय? आधी हे बघा

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये मर्सेड नदीच्या जवळ राहायचं तर लोअर पाइन्स किंवा अप्पर पाइन्स ही कॅम्पग्राउंड्स बघा, बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या वेबसाइटवर ५ महिने आधी १५ तारखेला सकाळी ७ वाजता पॅसिफिक टाइमने उघडतं आणि उन्हाळ्यातल्या जागा बघता बघता जातात, म्हणून आधीच लॉगिन करून बसा. एका साइटवर ६ जणच, पोरं धरून.

अस्वलांचं मात्र खरंच मनावर घ्या, चकल्या-लाडूच काय पण टूथपेस्ट, साबणसुद्धा लोखंडी फूड लॉकरमध्येच, रात्री गाडीत काहीच खायचं ठेवायचं नाही, वास आला की अस्वल दार उचकटतं.

मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, पाणी एकदम थंडगार आणि ओढ जबरदस्त, पोरांना काठावर एकटं सोडू नका प्लीज. स्वेटर घ्याच, रात्री गारठा असतो.