आयकिदो शिकायला जाताय? आधी पडायला शिका

आयकिदो या जपानी युद्धकलेच्या वर्गात नाव घातलं की पहिले कित्येक महिने तुम्ही कुणाला फेकण्यापेक्षा स्वतः पडण्यातच जास्त वेळ घालवता. मागे पडणं, पुढे गोलांटी घेऊन उठणं, हनुवटी छातीशी धरून डोकं सांभाळणं. याला उकेमी म्हणतात. ‘खरे डाव कधी?’ असं नवी मंडळी विचारतात. माझ्या मते आयकिदो तिथूनच सुरू होतो.

मी नोकरीनिमित्त टोकियोत राहतो आणि शिंजुकूमधल्या होम्बू डोजोत (डोजो म्हणजे सरावाची जागा), म्हणजे आयकिकाई या आयकिदो संघटनेच्या मुख्य केंद्रात शिकतो. इथे गुरू डाव करून दाखवतात, बोलतात कमीच. मग जोडीदाराला ‘ओनेगाइशिमास’ म्हणून वाकायचं आणि सुरू करायचं. काही वेळा तो हल्ला करून पडतो, तितक्याच वेळा तुम्ही. या पडणाऱ्याला उके म्हणतात. सहसा सगळा तास एकाच जोडीदाराबरोबर जातो, मग तो वर्षानुवर्षं मुरलेला असो वा तुमच्यासारखाच नवा.

उके होणं म्हणजे आपली पाळी येईपर्यंत वेळ काढणं नव्हे. हल्ला खरा हवा. डोक्यावर मारायचं तर हात डोक्याच्या रेषेतच आला पाहिजे. डाव लागण्याआधीच पडून मोकळे झालात तर समोरच्याच्या हाती काही लागत नाही. पुढे काय होणार हे ठाऊक आहे म्हणून ताठ उभे राहिलात, तरी तेच. शिहोनागे या फेकीच्या डावात तर हा ताठरपणा धोक्याचा आहे. हात मागे दुमडून खाली नेला जातो, तेव्हा सोबत गेलं नाही तर खांदा, कोपर दुखावतं, डोकंही आपटू शकतं.

कुस्ती किंवा कबड्डी खेळून आलेल्यांना सुरुवातीला जड जातं ते तेनकान हे वळण. कुणी मनगट धरलं की आपण ते हिसकतो. इथे हिसकायचं नाही. मनगट त्याच्या हातात राहू द्यायचं, पाऊल पुढे टाकून वळायचं आणि त्याच्या शेजारी उभं राहायचं. आता दोघंही एकाच दिशेला बघत असता आणि त्याचा जोर कुठे चाललाय ते तुम्हाला अंगावर कळतं. आयकिदोच्या तत्त्वज्ञानावर पुष्कळ वाचता येईल, पण मला ते या एका वळणात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

संस्थापक मोरिहेइ उएशिबा (१८८३–१९६९) यांनी होक्काइदोत ताकेदा सोकाकू यांच्याकडे दाइतो-र्यू जुजुत्सू ही जुनी जपानी युद्धकला शिकली. मनगट आणि कोपर जायबंदी करू शकणारे डाव तिथलेच. पुढे ओमोतो या जपानी धर्मपंथाचे ओनिसाबुरो देगुची यांच्या सहवासात त्यांच्या विचाराला वेगळं वळण लागलं. डाव बरेचसे तेच राहिले, पण समोरच्याला मोडणं हा हेतू उरला नाही. म्हणूनच आयकिकाईत स्पर्धा नाहीत. उएशिबांचे शिष्य केंजी तोमिकी यांच्या शाखेत त्या आहेत, आणि ज्याला जिंकण्या-हरण्याची कसोटी हवी त्याने ती शाखा जरूर पाहावी.

स्वसंरक्षणासाठी लवकर काहीतरी हवं असेल, तर आयकिदो त्यासाठी संथ आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

नखं कापून या, अंगठी-कडं काढून ठेवा. ज्युदोचा पांढरा पोशाख चालतो, हाकामाची, म्हणजे वरून घालायच्या घोळदार विजारीची, घाई नको. गुडघे मात्र जपा. सेझात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर, बसणं आणि शिक्को, म्हणजे गुडघ्यांवर चालणं, याची सवय हळूहळूच होते. जुनं दुखणं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा.

डोजो निवडताना आधी एक वर्ग कडेला बसून बघा. गुरूंचे डाव बघाल ते बघाच, पण जुने विद्यार्थी नवख्याला कसं खाली नेतात तिकडे जास्त लक्ष द्या. त्याला पडायला वेळ देत असतील, तर नाव घाला. आपटत असतील, तर दुसरा डोजो शोधा.