कोल्हापुरात अस्सल मोमो, चायनीज आणि थाई शोधायचं कसं

संध्याकाळी सातनंतर कोल्हापुरातल्या कुठल्याही चौकात उभं राहा, दोन-तीन चायनीजचे गाडे दिसणारच. मोमो राजारामपुरीपासून रंकाळ्यापर्यंत पोचलेत. मोठ्या हॉटेलांच्या मेनूत थाई करीही आली. पण बहुतेक ठिकाणी खाऊन उठलं की तोंडात तीच चव राहते: लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर. चीन, नेपाळ आणि थायलंड, तिन्हीकडचं जेवण एका चवीचं असेलच कसं?

मी लक्ष्मीपुरीत मसाल्याच्या दुकानात बसते. हॉटेलवाले, गाडेवाले काय नेतात आणि काय नेत नाहीत ते रोज डोळ्यांसमोर असतं. त्यावरून आणि आवडीनं खाऊन माझी एक रीत बसली आहे, ती सांगते.

नव्या ठिकाणी गेलात की आधी लाल काही मागवू नका. तांबडा रस्सा कुणीही मारून नेतो, आचारी कळतो तो पांढऱ्यावर. हेच इथं लावायचं. चायनीज असेल तर क्लिअर सूप आणि साधा एग फ्राईड राईस, मोमो असतील तर वाफवलेले, तेही आधी चटणीशिवाय. क्लिअर सूपमध्ये कोंबडीच्या हाडांचा अर्क उतरलाय की गरम पाण्यात मीठ-मिरपूड घातलीय, हे दुसऱ्या चमच्याला समजतं. फ्राईड राईसचा दाणा सुटा हवा, त्याला मोठ्या जाळावरचा धुरकट वास हवा आणि ताटलीच्या तळाला तेल साचलेलं नको. एवढं जमलं असेल तर पुढचं खुशाल मागवा.

अजिनोमोटोवरून मात्र कुणाला नापास करू नका. ती पूड म्हणजे किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या अर्कातून वेगळी काढलेली चव. चिमूटभर घालणारे चांगले आचारी भरपूर आहेत. चवच नसलेल्या सुपात मूठभर टाकतात, ते वेगळं.

मंचुरियन चीनमध्ये शोधायला जाऊ नका. ते मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये पहिल्यांदा केलं असं सांगतात. वँग कलकत्त्याचे, आणि कलकत्त्यात हक्का चिनी कुटुंबं कित्येक पिढ्यांपासून आहेत. आपल्या गाड्यावरचं चायनीज त्या घराण्यातलं आहे. ते भारतीय आहे आणि चांगलं झालं तर मला फार आवडतं. फक्त ते खाऊन चीनचं जेवण कळलं असं समजू नये.

शेजवान चटणीचंही तसंच. चीनच्या सिच्वान प्रांतातल्या जेवणाची ओळख दोन गोष्टींवर आहे. एक, मिरची आणि एक प्रकारचा वाल घालून महिनोन् महिने आंबवलेली चटणी. दुसरी, जीभ झिणझिणवणारं एक फळ, ज्याला तिकडं ह्वाजिआओ म्हणतात. आपल्या शेजवान चटणीत या दोन्ही सहसा नसतात. पण ती झिणझिण तुम्हाला परकी नाही. कोकणात बांगड्याच्या आमटीत घालतात ते तिरफळ याच कुळातलं. नेपाळातलं तिमूरही त्याच कुळातलं. अमेरिकेत लिंबाच्या झाडांवर रोग पसरेल या भीतीनं ह्वाजिआओच्या आयातीवर १९६८ पासून २००५ पर्यंत बंदी होती, ती बरीच वर्षं सैलच पाळली गेली हे खरं. आपल्याला तर तिरफळ घाटाखाली मिळतं.

मोमोचा एक नेपाळी कारागीर आमच्याकडून तिरफळ नेतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं एक फळ तळहातावर चुरडलं, आतली काळी बी नखानं काढून टाकली, नुसतं टरफल दातांखाली धरलं आणि डोळे मिटून थांबला. मग म्हणाला, आमचं तिमूर नव्हे, पण भाऊबंद आहे. त्याच दिवशी मी त्याच्या स्टॉलवर गेले. त्याची चटणी लालभडक नव्हती, फिकट केशरी होती. भाजलेला टोमॅटो, भाजून वाटलेले तीळ आणि मागून येणारी ती झिणझिण. म्हणून सांगते, मोमोवाल्याला सरळ विचारा: ‘‘दाजू, अचार में तिमूर डालते हो?’’ दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ, अचार म्हणजे मोमोबरोबरची चटणी. त्याचा चेहरा खुलला तर योग्य ठिकाणी आलात. चटणीबरोबर मेयोनीजची वाटी आपणहून पुढं आली तर समजा की तिथं गिऱ्हाइकाच्या मागणीवर सगळं चाललंय.

मोमो खाण्याआधी बघावेत. गाडा लागतो त्या वेळी, पाच-साडेपाचला जा. पारी लाटून, बोटांनी चुण्या घालत कुणी बसलेलं दिसलं तर थांबा. प्रत्येक मोमो थोडा वेगळा दिसणार, हाताचा असला की तसाच असतो. सगळे एका साच्यातले, जाड पारीचे आणि पिशवीतून थेट वाफेवर जात असतील तर तो कारखान्याचा गोठवलेला माल. चांगला मोमो चावला की आतून गरम रस येतो. मटण किंवा चिकन सुरीनं बारीक केलेलं असलं, त्यात कांदा आणि थोडी चरबी असली की हा रस सुटतो. नुसता कोबी भरलेल्यात तो शोधू नका.

आणि माझा सगळ्यात खात्रीचा उपाय: आचारी स्वतः काय खातो ते बघा. गाडा लागायच्या आधी ही माणसं जेवतात. डाळभात, मोहरीच्या तेलातली पालेभाजी, कधी गावाकडून आणलेलं गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, त्याचं आंबट सार. हे मेनूवर नसतं, बहुतेकदा मालकालाही माहीत नसतं. दोन-चार वेळा गेलात, नाव विचारलंत, गाव विचारलंत की ‘‘तुमच्यासाठी करता तसं आमच्यासाठी करा, पैसे सांगाल ते देतो’’ म्हणायला हरकत नाही. गर्दीच्या वेळी, शनिवार-रविवारी हे विचारू नका. मंगळवार-बुधवारी लवकर जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा. कोल्हापूरकर तिखटच खाणार असं त्यांनी धरलेलं असतं, म्हणून ‘‘मिरची बाजूला द्या’’ हे स्पष्ट सांगा.

थाईसाठी आपल्याकडं जागा मोजक्याच आहेत, तेव्हा थोडक्यात. ग्रीन करीतला गवती चहा आपल्या परसात उगवतो, नारळाचं दूध ताजं निघतं. अडतं ते गलंगल या आल्याच्या भावंडापाशी आणि मकरूट लिंबाच्या पानापाशी. ती पानं घालता का, एवढंच विचारा. ‘‘लिंबू पिळतो’’ असं उत्तर आलं तर दुसरं काहीतरी मागवा. करी गोड खिरीसारखी नको. हिरवी मिरची चांगली जाणवली पाहिजे आणि वर नारळाच्या तेलाचा हलका तवंग हवा. थाई माणसं भात-करी चमचा आणि काट्यानं खातात, काड्या मुख्यतः नूडल्सना. करीबरोबर काड्या मांडल्या असतील तर तो थाट आहे, त्यावरून स्वयंपाकाचा अंदाज बांधू नका.

जीभ तयार करायची असेल तर एकदा मुंडगोडला जाऊन या. बेळगाव, हुबळी करत गाडीनं एका दिवसात पोचता येतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातली ही तिबेटी वसाहत १९६६ मधली. गदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ तिथं पुन्हा उभे राहिले आणि मठांच्या आसपास छोटी खाणावळवजा हॉटेलं आहेत. तिथला थुक्पा मागवा. हाडांचा फिकट रस्सा, हातानं केलेल्या शेवया आणि तिखट वेगळ्या वाटीत. सोबत तिंग्मो, वाफवलेला पदर-पदर पाव. एकदा हे खाल्लं की इथल्या थुक्प्यात कॉर्नफ्लोअर किती आणि रस्सा किती, हे घास घेताच कळायला लागतं. हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी मावशींनाही विचारा, शहरात कुठं खाता म्हणून. त्या घरीच करून खातात असं म्हणाल्या तर कसं करतात ते विचारा, आनंदानं सांगतात.

वेळेचं एक ध्यानात ठेवा. आपला दसरा तोच नेपाळ्यांचा दसैं, त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, आणि दिवाळीत त्यांचा तिहार. त्या दिवसांत बरेच कारागीर गावी जातात आणि स्टॉलवर बदली माणूस असतो. नव्या जागेची पारख तेव्हा करू नका, तिहार उलटून गेल्यावर जा.