पोल्टरगाइस्ट टेबलावर आणताना या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत पोल्टरगाइस्टला, म्हणजे वस्तू भिरकावणाऱ्या अदृश्य भुताला, स्वतःचे पान मिळालेले नाही. ते स्पेक्टर या दुसऱ्या भुताचा एक उपप्रकार म्हणून येते आणि त्याचे सगळे वेगळेपण एका छोट्या चौकटीत आटोपते. आर्मर क्लास (त्याला मार लागणे किती अवघड) १२, हिट पॉइंट (ते किती मार सोसते) २२, चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड) २, त्याला हरवल्याचे अनुभवाचे गुण ४५०. आकडे पाहून डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, हा किरकोळ शत्रू वाटतो, आणि तयारी न करता तो रात्रीच्या सेशनमध्ये सोडला जातो. पुढचा गोंधळ बहुधा ठरलेल्या जागीच होतो.

सर्वांत साधी चूक म्हणजे लाइफ ड्रेन, म्हणजे स्पेक्टरचा जीवनशक्ती शोषणारा हल्ला, वापरणे. चौकट स्पेक्टरच्या आकडेवारीत केवळ भर घालत नाही, तर तिच्यातील मुख्य हल्ला काढूनही टाकते. पोल्टरगाइस्ट कोणाचेही कमाल हिट पॉइंट कमी करत नाही. ते जवळच्या पात्राला धडक देते किंवा ३० फुटांच्या आतले पात्र अथवा वस्तू मनाच्या बळावर भिरकावते. वस्तू १५० पौंडांपर्यंतची, म्हणजे सुमारे ६८ किलोची, चालते. मात्र ती कोणाच्या हातात किंवा अंगावर असता कामा नये. योद्ध्याच्या हातातली तलवार हिसकावून ती त्याच्यावरच फेकण्याचा प्रसंग कितीही आकर्षक वाटला तरी नियमांत तो बसत नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण तिच्यामुळे खेळाडू टेबलावरच हताश होतात. पोल्टरगाइस्ट कायम अदृश्य असते, आणि ‘अदृश्य’ म्हणजेच ‘लपलेले’ असा अर्थ घेऊन डीएम प्रत्येक वेळी ‘ते कुठे आहे हे तुम्हाला कळत नाही’ एवढेच सांगत राहतो. नियमांत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अदृश्य शत्रूवरच्या हल्ल्याला डिसअॅडव्हांटेज (दोनदा फासा टाकून लहान आकडा धरणे) मिळतो, त्याच्या हल्ल्याला अॅडव्हांटेज (मोठा आकडा धरणे) मिळतो. परंतु त्याने लपण्यासाठी स्वतंत्र कृती खर्च केली नसेल, तर आवाजावरून त्याची जागा ओळखता येते आणि वस्तू फेकून हल्ला केल्यावर तर ती जागा उघडच होते. पात्राला भिरकावण्यात हल्ल्याचा फासा नसतो, त्यामुळे तेथे जागा उघड होते की नाही हे नियम डीएमवर सोडतात. माझे मत स्पष्ट आहे: निदान दिशा तरी सांगावी. सराईच्या स्वयंपाकघरात चुलीवरचे तांब्याचे भांडे हलते, त्याच्यामागच्या फडताळातल्या बश्या एकामागून एक खडखडतात, आणि मग ते भांडे डावीकडून येते. एवढे वर्णन ऐकल्यावर खेळाडू त्या फडताळाकडे पीठ उधळतो. पीठ उधळण्याबद्दल नियमांत काही नाही, पण अशा कल्पनेला निदान एका फेरीपुरते फळ मिळावे. त्यासाठी खोलीत काय काय आहे आणि साधारण किती वजनाचे आहे याची यादी आधीच लिहून ठेवावी. रिकाम्या दगडी खोलीतले पोल्टरगाइस्ट अगदीच निस्तेज असते.

याच वेळी पक्षाच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाच्या, स्पेलची (मंत्रांची) यादीही चाळावी. साध्या शस्त्रांचा मार त्याला निम्माच लागतो, म्हणजे जादूई शस्त्र नसलेल्या पक्षासाठी २२ हिट पॉइंट प्रत्यक्षात ४४ होतात. मॅजिक मिसाइल आणि सेक्रेड फ्लेम या दोन्ही भरवशाच्या स्पेलना लक्ष्य दिसावे लागते, त्यामुळे त्या येथे निकामी ठरतात. गायडिंग बोल्टला ही अट नाही, आणि फेअरी फायर लागू पडली तर अदृश्यतेचा फायदाच संपतो. यांपैकी काहीच पक्षाकडे नसेल, तर खोलीतल्या पेटीत एखादे जादूई शस्त्र ठेवण्यात डीएमची लाज नाही.

आता ज्या चुकीमुळे पात्रे खरोखर मरतात ती पाहू. भिरकावण्याची दिशा कोणतीही असू शकते, वरचीही. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे (जादूगार पात्राचे) आठ हिट पॉइंट धरा आणि देवळाचे छत ३० फूट उंच धरा. पोल्टरगाइस्टचा करिष्मा आणि विझार्डची ताकद यांच्या फाशांच्या झुंजीत पोल्टरगाइस्ट निम्म्याहून थोडे अधिक वेळा जिंकते. छतावर आदळल्याबद्दल इजेचे सहा बाजूंचे तीन फासे, आणि मग खाली पडल्याबद्दल पुन्हा तीन. पहिल्या आदळण्यात पात्र शून्यावर आले आणि पडताना आठ किंवा अधिक इजा झाली, तर कमाल हिट पॉइंटांइतकी इजा झाल्यामुळे ते जागीच मरते. तीन फाशांवर आठ किंवा अधिक सहापैकी साधारण पाच वेळा पडतात. चार पात्रांच्या पहिल्या लेव्हलच्या पक्षासाठी ४०० गुणांपासून प्राणघातक चकमक सुरू होते, तेव्हा ४५० गुणांचा हा शत्रू तेथे आणूच नये. दुसऱ्या लेव्हलला तीच चकमक मध्यम ठरते. तरीही छत १० फुटांचे ठेवावे.

भिंतीत लपवून ठेवणे ही चूक उलट दिशेची. भिंतीतून ते आरपार जाते, पण आपली पाळी भिंतीच्या आत संपवली तर त्यालाच दहा बाजूंच्या एका फाशाइतकी इजा होते; चारपाच फेऱ्यांत ते पक्षाच्या मदतीशिवायच संपेल. भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवा, आत त्याला थांबवू नका. टर्न अनडेड या क्लेरिकच्या (पुजारी पात्राच्या) भुते पळवण्याच्या शक्तीच्या बाबतीतही हीच घाई होते. ‘क्लेरिकला ते दिसत नाही, म्हणून लागू नाही’ हा निवाडा चुकीचा आहे, कारण अट उलटी आहे: ३० फुटांच्या आतल्या पोल्टरगाइस्टला क्लेरिक दिसला किंवा ऐकू आला पाहिजे.

शेवटची चूक खास मराठी टेबलांवरची. पोल्टरगाइस्ट हा जर्मन शब्द, त्याचा अर्थ गडगडाट करणारे भूत. आपण त्याला सहज ‘भानामती’ म्हणून मोकळे होतो. भानामती ऐकताच खेळाडू विचारतात, ‘ही केली कोणी?’, आणि पुढचे दोन तास गावातल्या मांत्रिकाच्या शोधात जातात. या खेळात मात्र करणारा कोणी नसतो. आपण कसे मेलो हे न कळलेला एक आत्मा स्वतःच त्रागा करत असतो. मुंजा किंवा समंधाला आपली अपुरी इच्छा ठाऊक असते. याला काहीच ठाऊक नसते. म्हणून सुगावे त्याच्या वागण्यातच पेरावे लागतात. सराईच्या विहिरीत बुडालेली मोलकरीण सगळे भिरकावेल, पण बादलीला हात लावणार नाही. मृत्यूचे कारण सांगितल्याने तिला मुक्ती मिळते असे नियम कोठेही म्हणत नाहीत, त्यामुळे ते आधीच ठरवून ठेवा. तसे ठरवले असेल आणि खेळाडूने विहिरीचा उल्लेख केला, तर हवेत उचललेली खुर्ची तेथेच थांबू द्या आणि खेळाडूंचे म्हणणे त्या मोलकरणीला पूर्ण ऐकू द्या. इनिशिएटिव्हची (पाळ्यांच्या क्रमाची) यादी तोवर बाजूला ठेवली तरी चालते.