मेटा टॅग भरायचे का? हो, पण सगळे नाही

दापोलीत होमस्टे चालवणाऱ्या एका मित्राचा फोन आला, साईट करून महिना झाला तरी गूगलवर स्वतःचं नाव टाकूनही काही येत नाही म्हणे. साईट करणाऱ्याने त्याच्याकडून मेटा टॅगचे, म्हणजे पानाच्या कोडमध्ये सर्च इंजिनं आणि ब्राउझरसाठी लिहिलेल्या न दिसणाऱ्या माहितीचे, वेगळे पैसेसुद्धा घेतलेले. मी पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडला तर मेटा कीवर्ड्समध्ये हॉटेल, बीच, कोकण, मुंबई, हनिमून असे सत्तरएक शब्द कोंबलेले, आणि दोन ओळी खाली गुपचूप नोइंडेक्स, म्हणजे 'हे पान सर्चमध्ये दाखवू नका' असा टॅग! म्हणजे दारात रांगोळी काढायची आणि कडी आतून लावायची.

तर पहिलं काम, कॉम्प्युटरवर आपलं पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा, मग कंट्रोल एफने noindex शोधा. इतर टॅग चुकले तर थोडंफार नुकसान होतं, हा एक चुकला तर पान सर्चमधून गायबच. वर्डप्रेसवर हे फार होतं कारण साईट बनत असताना सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये 'डिस्करेज सर्च इंजिन्स' वर टिक करतात आणि लाईव्ह करताना काढायला विसरतात. टिक काढा, मग सर्च कन्सोल या गूगलच्या साईटमालकांसाठीच्या टूलमध्ये पानाचा पत्ता टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलच्या यादीत घेण्याची, रिक्वेस्ट द्या आणि काही दिवस धीर धरा. उलट एखादं पान खरंच लपवायचं असेल तर नोइंडेक्स लावा पण तेच पान रोबोट्स फाईलमध्ये (कुठली पानं उघडायची नाहीत ते सर्च इंजिनांना सांगणारी फाईल) ब्लॉक करू नका, गूगलला पान उघडताच आलं नाही तर आतला टॅग दिसणार कसा?

कीवर्ड्सचा टॅग सरळ सोडून द्या. नव्वदच्या दशकात अल्टाव्हिस्टासारखी सर्च इंजिनं तो वाचायची, लोकांनी त्यात वाट्टेल ते भरलं आणि गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीरच सांगितलं की वेब रँकिंगसाठी आम्ही हा बघत नाही. त्यावर अजून कोणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

आता टायटल, म्हणजे सर्च रिझल्टमध्ये दिसणारं पानाचं शीर्षक. कडक बोलायचं तर हा मेटा टॅग नाहीच, पण बसतो त्यांच्याच पंगतीत आणि खरा जीव यात आहे. प्रत्येक पानाला वेगळं टायटल द्या, सगळीकडे 'होम' नको. मित्राच्या पानाचं टायटल होतं 'वेलकम', बास! कशाला वेलकम, कुठे वेलकम, काही नाही. ते बदलून आधी दापोली, मग होमस्टे, मग घरगुती मालवणी जेवण असं केलं, आणि पुढे इंग्रजी अक्षरांत नाव, कारण आपली मंडळी मराठी वाचतात पण सर्चमध्ये बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांतच टाईप करतात. एवढं करूनही गूगल कधीकधी स्वतःचंच टायटल दाखवतं, विशेषतः आपलं फार लांबलचक किंवा पानाशी न जुळणारं असेल तेव्हा.

डिस्क्रिप्शनने रँक वाढत नाही, हेही गूगलने सांगितलेलं आहे. मग का लिहायचं? कारण रिझल्टमध्ये टायटलखाली त्या दोन ओळी दिसू शकतात आणि माणूस त्या वाचून ठरवतो की क्लिक करायचं की पुढे जायचं. दिसू शकतात म्हटलं, कारण गूगलला पानातलं दुसरं वाक्य जास्त जुळतंय वाटलं तर ते उचलतं. १५५-१६० अक्षरांचा नियम सगळे सांगतात पण गूगलची अशी ठरलेली मर्यादा नाही, स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मजकूर कापला जातो. त्यात आपल्या देवनागरीची गंमत वेगळीच, 'स्त्री' एवढासा शब्द पण मोजणारं टूल त्याची सहा अक्षरं धरतं. म्हणून मोजत बसू नका, कामाची गोष्ट पहिल्या ओळीत टाका: खोल्या किती, जेवण आहे का, कुत्रा चालतो का. ब्लॉगरवर लिहीत असाल तर सेटिंग्जमध्ये आधी सर्च डिस्क्रिप्शन चालू करावं लागतं, त्याशिवाय पोस्टच्या बाजूला तो रकाना दिसतच नाही.

पान स्क्रीनच्या रुंदीत बसवणारा व्ह्यूपोर्टचा टॅग थीममध्ये (साईटच्या तयार डिझाईनमध्ये) बहुतेक असतोच, तरी बघून घ्या, नाहीतर मोबाईलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

आणि एक टॅग जो रँकिंगसाठी नाही पण मित्राला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, तो म्हणजे ओपन ग्राफचा फोटोवाला. होमस्टेचं गिऱ्हाईक येतं व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवरून, तिथे लिंक टाकली की नुसता निळा पत्ता दिसतो की अंगणातल्या झोपाळ्याचा फोटो दिसतो यात फरक पडतोच ना. फोटो फार जड नको, आणि बदलल्यावर जुनाच दिसत राहिला तर घाबरू नका, तो साठवून ठेवलेला असतो. मित्राने झोपाळ्याचा लावलाय. मी म्हटलं होतं सोलकढीचा लाव, ऐकलं नाही.