निम्मे डाव हरायचेच असतात

बुद्धिबळ मी चौतिसाव्या वर्षी शिकलो. दिवसभर अंबडला कंपनीत, रात्री सिडकोतल्या घरी मोबाइलवर 3-3 मिनिटांचे डाव. हरलो की "आता शेवटचा" म्हणून आणखी एक, मग रागाच्या भरात आणखी पाच. "खेळताय की भांडताय?" बायको विचारायची.

एक साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. अ‍ॅप आपल्या बरोबरीचाच भिडू शोधून देतं, म्हणजे निम्मे डाव हरणं ठरलेलंच. आपण सुधारलो की समोरचेही वरचे येतात, आणि पुन्हा निम्मे. रेटिंगमध्ये, म्हणजे ताकदीच्या आकड्यात, 200 ने वरचढ असलेला खेळाडूसुद्धा हिशेबाने चार डावांत एक गुण गमावतोच. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने 2024 च्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) अमेरिकेच्या नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं, तरी शेवटी सहावा आला.

मग मजा कुठे शोधायची? मला ती पंचवटीत मामांकडे सापडली. मामा देशी पद्धतीचे. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर. त्यांनी पट रिकामा केला, दोन राजे आणि एक प्यादं ठेवलं नि म्हणाले, "हे शेवटच्या घरात नेऊन वजीर कर." नेता येईना. राजे समोरासमोर, मध्ये एकच घर. ज्याची खेळी त्याला वाट सोडावी लागते, हे उमगायला अख्खी दुपार गेली. चहा गार झाला. त्या दुपारी हार-जीत नव्हतीच, आणि इतकं मन लावून मी कित्येक दिवसांत खेळलो नव्हतो.

तेव्हापासून लागोपाठ 2 डाव हरलो की फोन बंद (बहुतेक वेळा). डाव 15 मिनिटांचा, खेळीमागे 10 सेकंद वाढीव. हरलेला डाव आधी स्वतः पाहायचा, चूक कुठे झाली ते लिहायचं, मगच इंजिन, म्हणजे चुका दाखवणारा संगणक, लावायचं. ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळी) पाठ करायच्या भानगडीत नवख्याने पडूच नये असं माझं मत.

पहिल्या स्पर्धेत समोर नऊ वर्षांचा मुलगा होता. माझ्याकडे वजीर, त्याच्याकडे नुसता राजा, आणि मी घाईत स्टेलमेट करून बसलो: त्याच्या राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. कान तापले. तो मात्र उठला नाही. "काका, वजीर एक घर अलीकडे ठेवायचा होता," म्हणत त्याने मोहरे परत मांडले. त्याच्या आईने हाक मारेपर्यंत ती मात आम्ही चारदा करून पाहिली.