स्वस्तात दणकट ट्रायपॉड हवाय? या चुका टाळा

खोक्यावरचा ‘किती किलो पेलतो’ हा आकडा पाहून ट्रायपॉड घेणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तेवढ्या वजनाने तो मोडणार नाही, इतकंच त्यातून कळतं. कॅमेरा थरथरणार की नाही, ते कळत नाही. शिवाय प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने ठरवते. कॅमेरा ८०० ग्रॅमचा आणि लेन्स ७०० ग्रॅमची असेल, तर ४-५ किलो लिहिलेल्या ट्रायपॉडपासून बघायला सुरुवात करा.

उंचीतही अशीच फसगत होते. जाहिरातीतल्या उंचीत मधला दांडा पूर्ण वर काढलेला धरतात. तो वर काढला की तीन पायांवर एक काठी उभी राहते आणि त्या काठीच्या टोकावर कॅमेरा डोलतो. म्हणून दांडा खाली असतानाची उंची विचारा. हेड (कॅमेरा ज्यावर बसतो आणि वळतो तो वरचा भाग) आणि कॅमेरा मिळून १५-२० सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे बहुतेकांना १३० ते १४० सेंटिमीटर पुरते.

खरी मेख पायांच्या नळ्यांत आहे. पाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे असतात आणि अशा प्रत्येक टप्प्याला नळी साधारण ३ मिलीमीटरने बारीक होते. वरची नळी २२ मिलीमीटरची आणि पाय चार टप्प्यांचे असतील, तर शेवटची नळी जेमतेम १३ मिलीमीटरची उरते. पत्रा तेवढाच जाड ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर ताठपणा सुमारे आठपट घटतो. म्हणून कमी पैशांत २५ मिलीमीटर किंवा त्याहून जाड वरची नळी आणि तीन टप्पे असलेला ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड घ्यावा. तो घडी केल्यावर लांब राहतो, पण स्थिर उभा राहतो. स्वस्त कार्बन फायबरच्या मोहात पडू नका; वजन कमी होतं, पण सांधे बहुधा तसेच ढिले असतात.

घेण्यापूर्वी पाय पूर्ण उघडून हेडच्या बैठकीवर तळहाताने दाब द्या आणि ती हलकेच पिळून बघा. पाय सरकला किंवा सांध्यात खेळ जाणवला, तर तो नको. मग कॅमेरा लावा, स्क्रीनवरचं चित्र १० पट मोठं करा आणि पायाला टिचकी मारा. थरथर एक-दोन सेकंदांत थांबायला हवी.

हेड काढता येतं का, हेही बघा. ३/८ इंची स्क्रूवर बसणारं हेड पुढे बदलता येतं. कायमचं जोडलेलं बिघडलं की अख्खा ट्रायपॉड अडगळीत जातो.

चांगला ट्रायपॉड घेऊनही फोटो हलले, तर आधी शटर दाबणाऱ्या बोटावर संशय घ्या. २ सेकंदांचा टायमर लावा. शटर १/१५ ते १ सेकंद उघडं राहतं, तेव्हा थरथर सर्वांत जास्त जाणवते. वाऱ्यात दांड्याच्या हुकला बॅग अडकवा, पण ती जमिनीला टेकलेली ठेवा, नाहीतर तिचेच झोके कॅमेऱ्याला बसतात. उंची कमी करायची असेल तर आधी सर्वांत बारीक नळ्या आत घ्या.

कॅमेरा प्लेटवर (कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने लावून हेडमध्ये बसवायच्या चकतीवर) फिरत असेल, तर तिचा स्क्रू नाण्याने घट्ट करा आणि रबर तेलकट झालं असेल तर पुसा. पाय आपोआप सरकत असेल, तर नळी जागेवर धरणाऱ्या खटक्याजवळचा नट षटकोनी चावीने पाव फेरा आवळा. जास्त आवळला तर प्लास्टिकचा खटका तडकतो. समुद्रावरून आल्यावर पाय आत सारण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन, उघडे ठेवूनच वाळवा. सांध्यांत तेल घालू नका, त्याला वाळू चिकटते.